साच्यातून निघालेली मशीन्स: व्हर्च्युअल मशीनच्या टेम्प्लेटचा इतिहास

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षातली गोष्ट. सहामाही सादरीकरणाला चार दिवस होते आणि मी एक आलेख घेऊन गाईड मॅडमकडे गेले. आयझिंग मॉडेलचं माँटे कार्लो सिम्युलेशन होतं. तापमान वाढवत न्यायचं आणि चुंबकत्व कसं कमी होत जातं ते बघायचं. प्रत्येक तापमानाला आठ स्वतंत्र रन, आठ वेगवेगळ्या व्हर्च्युअल मशीनवर. आलेख इतका गुळगुळीत आला होता की मी खूश होते.

मॅडमनी विचारलं, "एरर बार कुठे आहेत?"

मी म्हटलं, "मॅडम, एरर इतका कमी आहे की बार बिंदूंच्या मागे लपलेत."

"क्रांतिक तापमानापाशीसुद्धा?"

तिथे माझी बोलती बंद झाली. क्रांतिक तापमानाजवळ चढउतार सगळ्यात जास्त असतात, हे एमएस्सीच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. रात्री लॅबमध्ये बसून आठही मशीनच्या निकालाच्या फाईल ताडून पाहिल्या. आठही फाईल अक्षर न् अक्षर सारख्या. माझ्याकडे आठ रन नव्हतेच. एकच रन मी आठ वेळा केला होता.

कारण सापडायला पहाट झाली. लॅबमधला जुना प्रोग्रॅम पहिल्यांदा चालवला की रँडम नंबरांसाठी एक सीड तयार करतो आणि ते एका छोट्या फाईलमध्ये ठेवतो. पुढच्या वेळी फाईल सापडली तर तेच सीड वापरतो. मी टेम्प्लेट बनवताना "चालतंय का बघू" म्हणून प्रोग्रॅम एकदा चालवला होता. सीडची फाईल तयार झाली, टेम्प्लेटमध्ये राहिली आणि आठही मशीनमध्ये गेली.

चूक माझीच होती. पण त्यानंतर मी जेव्हा या विषयाचा इतिहास वाचायला घेतला, तेव्हा लक्षात आलं की ही चूक फार जुनी आहे आणि माझ्यापेक्षा कितीतरी हुशार लोकांनी ती वेगवेगळ्या रूपात केली आहे. आजचा लेख त्या इतिहासाबद्दल आहे. तुम्ही संशोधनाच्या तयारीत असाल, तर आज ना उद्या तुम्हाला कुणीतरी सांगणार, "आपलं टेम्प्लेट आहे, त्यातून एक मशीन काढून घे." तेव्हा हे माहीत असलेलं बरं.

आधी दोन शब्द समजून घेऊ

व्हर्च्युअल मशीन म्हणजे खऱ्या कॉम्प्युटरच्या आत सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा कॉम्प्युटर. त्याला स्वतःचा प्रोसेसर, मेमरी, डिस्क, नेटवर्क कार्ड आहे असं आतल्या ऑपरेटिंग सिस्टीमला वाटतं. प्रत्यक्षात हे सगळं खालचा हायपरवायझर नावाचा प्रोग्रॅम वाटून देत असतो.

टेम्प्लेट म्हणजे साचा. एकदा सगळं नीट बसवलेलं मशीन बंद करून बाजूला ठेवायचं आणि हवं तेव्हा त्याची प्रत काढायची. प्रत काढली की ती कॉन्फिगर करायची: नाव, पत्ता, मेमरी, वापरकर्ते वगैरे.

पेणला गणपतीचे कारखाने तुम्ही पाहिले असतील. अंग साच्यातून निघतं, पण डोळ्यांची आखणी प्रत्येक मूर्तीवर हाताने होते. टेम्प्लेटचंही तसंच आहे. साच्यातून काय यावं हे लोकांना लवकर समजलं. वेगळं काय करायला हवं, याची यादी मात्र गेली साठ वर्षं वाढतेच आहे. मला या इतिहासात दिसलेली मुख्य गोष्ट ही.

केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स: १९६४ ते १९७२

१९६० च्या दशकात एक कॉम्प्युटर म्हणजे एक खोली आणि प्रचंड खर्च. तो अनेकांनी एकाच वेळी कसा वापरायचा हा मोठा प्रश्न होता. एमआयटीमध्ये फर्नांडो कोर्बाटो यांच्या गटाने टाइम-शेअरिंगची सीटीएसएस ही सिस्टीम १९६१ मध्ये चालवून दाखवली होती. १९६४ मध्ये आयबीएमने एमआयटीच्या शेजारीच केंब्रिज सायंटिफिक सेंटर सुरू केलं. तिथे रॉबर्ट क्रीझी आणि लेस कोमो यांनी वेगळा मार्ग धरला. एकाच ऑपरेटिंग सिस्टीममध्ये सगळ्या वापरकर्त्यांना कोंबण्यापेक्षा प्रत्येकाला एक अख्खा कॉम्प्युटरच द्यायचा, अर्थात भासमान.

त्यातून सीपी-४० तयार झालं. आयबीएमच्या सिस्टीम/३६० मॉडेल ४० या मशीनमध्ये खास बदल करून ते चालवलं आणि जानेवारी १९६७ पासून ते रोजच्या वापरात आलं. एका वेळी १४ व्हर्च्युअल मशीन, प्रत्येकाला २५६ के मेमरी. आत प्रत्येकासाठी सीएमएस नावाची साधी, एका माणसापुरती ऑपरेटिंग सिस्टीम. पुढे मॉडेल ६७ साठी सीपी-६७ आलं आणि २ ऑगस्ट १९७२ ला आयबीएमने व्हीएम/३७० जाहीर केलं.

आता आपल्या विषयाकडे. व्हीएम/३७० मध्ये नवीन मशीन "तयार" कसं करायचं? सिस्टीमकडे एक डिरेक्टरी असे. म्हणजे आज आपण फोल्डरला डिरेक्टरी म्हणतो ती नव्हे, तर मशीनची नोंदवही. त्यात प्रत्येक वापरकर्त्याची नोंद: नाव, पासवर्ड, मेमरी किती, खऱ्या डिस्कवरचा कुठला तुकडा याचा, कन्सोल कुठला, कार्ड रीडर, कार्ड पंच, प्रिंटर. हो, भासमान कार्ड रीडर आणि भासमान पंच! दुसऱ्याला फाईल पाठवायची तर आपल्या पंचमधून "कार्डं" त्याच्या रीडरमध्ये टाकायची. या ओळी लिहिल्या की मशीन अस्तित्वात आलं. म्हणजे पहिल्यापासूनच व्हर्च्युअल मशीन ही एक लेखी नोंद होती. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी उपयोगी पडेल.

यात दोन गोष्टी आजच्या टेम्प्लेटच्या आज्या म्हणाव्यात अशा आहेत.

पहिली, डिस्कची वाटणी. सीएमएसचे प्रोग्रॅम १९० क्रमांकाच्या डिस्कवर असत. ही एकच डिस्क सगळ्या मशीनना जोडलेली, पण फक्त वाचण्यासाठी. प्रत्येकाची स्वतःची डिस्क १९१, तिच्यावर लिहिता येई. म्हणजे सारखं काय ते १९० वर, वेगळं काय ते १९१ वर. सीमारेषा इतकी स्वच्छ होती की तुम्ही चुकून कितीही प्रयत्न केलात तरी तुमची खासगी फाईल साच्यात जाऊच शकत नव्हती. माझी सीडची फाईल त्या काळात १९१ वर पडली असती आणि मी वाचले असते.

दुसरी, सेव्ह केलेली सिस्टीम. दर वेळी सीएमएस सुरुवातीपासून चढवण्यापेक्षा, चढून तयार झालेल्या सीएमएसच्या मेमरीची प्रत एकदा ठेवून द्यायची. मग वापरकर्ता नावाने मागणी करायचा आणि त्याचं मशीन थेट त्या तयार अवस्थेत सुरू व्हायचं. आजच्या भाषेत हा स्नॅपशॉट. स्नॅपशॉटमुळे पुढे काय गंमत झाली ते नंतर बघू.

"हुबेहूब प्रत" म्हणजे कशाची?

लोक वापरत होते, पण याला सिद्धान्त नव्हता. रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी हार्वर्डमध्ये पीएचडीसाठी हाच विषय घेतला. १९७४ मध्ये त्यांनी यूसीएलएच्या जेराल्ड पोपेक यांच्याबरोबर एक निबंध लिहिला, जो आजही कोर्सवर्कमध्ये वाचायला लावतात. त्यांनी तीन अटी मांडल्या. आत चालणारा प्रोग्रॅम खऱ्या मशीनवर चालला असता तसाच चालला पाहिजे. मशीनच्या साधनांवर पूर्ण ताबा हायपरवायझरचा असला पाहिजे. आणि बहुतेक सूचना थेट खऱ्या प्रोसेसरवर चालल्या पाहिजेत, नाहीतर वेग मरतो.

मग त्यांनी एक प्रमेय दिलं. सोप्या भाषेत: मशीनची अवस्था बदलणाऱ्या किंवा उघड करणाऱ्या "नाजूक" सूचना जर सगळ्याच्या सगळ्या अशा असतील की सामान्य प्रोग्रॅमने वापरल्या तर प्रोसेसर थांबून हायपरवायझरला हाक मारतो, तर त्या प्रोसेसरवर व्हर्च्युअल मशीन बांधता येतं.

इथे एक बारकावा बघा. पोपेक आणि गोल्डबर्ग यांची "प्रत" ही खऱ्या मशीनची प्रत आहे. दोन व्हर्च्युअल मशीन एकमेकांच्या प्रती असल्या तर काय, हा त्यांचा प्रश्नच नव्हता. एका निबंधात एका शब्दाचा अर्थ एक असतो आणि तीस वर्षांनी तोच शब्द लोक दुसऱ्या अर्थाने वापरतात. जुने पेपर वाचताना हे सतत तपासायची सवय लावा.

मशीनची फाईल झाली

१९८० च्या दशकात पर्सनल कॉम्प्युटर स्वस्त झाले. ज्याचा त्याचा कॉम्प्युटर ज्याच्या त्याच्या टेबलावर, मग भासमान कशाला? विषय मागे पडला. शिवाय इंटेलचा एक्स८६ प्रोसेसर त्या प्रमेयाच्या अटीत बसत नव्हता. २००० साली रॉबिन आणि अर्व्हाईन यांनी पेंटियमच्या सूचना तपासून अशा १७ सूचना दाखवल्या, ज्या नाजूक आहेत पण हाक मारत नाहीत. उदाहरणार्थ पॉपएफ. सामान्य प्रोग्रॅमने तिच्यातून इंटरप्ट बंद करायचा प्रयत्न केला तर प्रोसेसर गुपचूप दुर्लक्ष करतो. हायपरवायझरला कळतच नाही.

पण त्याआधीच वाट काढली गेली होती. स्टॅनफर्डमध्ये एदुआर बुन्यों, स्कॉट डिव्हाईन आणि मेंडेल रोझेनब्लम यांनी १९९७ मध्ये डिस्को हा प्रकल्प मांडला. त्यांचा प्रश्न होता अनेक प्रोसेसर असलेल्या मोठ्या मशीनवर साध्या ऑपरेटिंग सिस्टीम कशा चालवायच्या हा. त्यात त्यांनी डिस्कसाठी एक युक्ती वापरली: मूळ डिस्क सगळ्यांची एकच, आणि कुणी एखादा भाग बदलला तर तेवढ्याच भागाची वेगळी प्रत. वापरकर्त्याला मात्र आपली अख्खी डिस्क आपलीच वाटते. १९० आणि १९१ मधली उघड रेषा आता आत लपली.

१९९८ मध्ये यातल्याच लोकांनी, डायेन ग्रीन आणि एडवर्ड वाँग यांच्यासोबत, व्हीएमवेअर कंपनी काढली. हाक न मारणाऱ्या सूचना त्यांनी चालता चालता बदलून टाकायची सोय केली. १९९९ मध्ये वर्कस्टेशन हे उत्पादन बाजारात आलं आणि व्हर्च्युअल मशीन साध्या पीसीवर आलं. इथे मोठा बदल झाला. मशीन आता डिस्कची एक मोठी फाईल आणि सेटिंगची एक छोटी टेक्स्ट फाईल एवढंच उरलं. फाईल म्हटली की कॉपी आणि पेस्ट आलंच.

तुम्ही व्हीएमवेअरचं मशीन कॉपी करून उघडलं असेल तर तो एक प्रश्न विचारतो: हे मशीन तुम्ही हलवलंय की कॉपी केलंय? "कॉपी केलंय" म्हटलं की तो नवी ओळख आणि नेटवर्क कार्डाचा नवा पत्ता देतो. "हलवलंय" म्हटलं की जुनीच ओळख ठेवतो. मला हा प्रश्न फार आवडतो. फाईलकडे बघून कॉम्प्युटरला सांगता येत नाही की ही मूळ आहे की प्रत. ते माणसालाच सांगावं लागतं.

कंपन्यांमध्ये शेकडो मशीन झाल्यावर हे हाताने करणं शक्य नव्हतं. २००३ मध्ये आलेल्या व्हर्च्युअलसेंटरपासून टेम्प्लेट ही मेनूमधली अधिकृत गोष्ट झाली. तिथे टेम्प्लेटला एक महत्त्वाचं बंधन आहे: ते चालू करता येत नाही. काही बदलायचं असेल तर आधी त्याला परत मशीन बनवा, बदल करा, बंद करा, पुन्हा टेम्प्लेट बनवा. कटकटीचं वाटतं, पण साचा नकळत बिघडू नये म्हणूनच ते आहे.

जुळ्या कॉम्प्युटरांची भीती

ओळखीचा प्रश्न व्हर्च्युअल मशीनच्या आधीच खऱ्या पीसींनी उभा केला होता. १९९० च्या दशकाच्या मध्यावर न्यूझीलंडमध्ये मरे हॅझार्ड यांनी घोस्ट हा प्रोग्रॅम लिहिला. एका पीसीवर विंडोज नीट बसवायचं आणि त्या डिस्कची प्रत बाकी सगळ्यांवर उतरवायची. कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये काम केलेल्या सरांना विचारा, घोस्ट त्यांना नक्की आठवेल.

अडचण अशी की विंडोज एनटी बसवताना प्रत्येक कॉम्प्युटरला एक सुरक्षा क्रमांक मिळे, एसआयडी. घोस्टने काढलेल्या प्रतींचा क्रमांक एकच. यातून सुरक्षेचा गोंधळ होईल अशी भीती पसरली. मार्क रसिनोविच आणि ब्राइस कॉग्सवेल यांनी क्रमांक बदलणारं एक साधन लिहिलं, तेच पुढे न्यूएसआयडी म्हणून ओळखलं गेलं. मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं सिसप्रेप होतंच. ते प्रत काढण्याआधी मशीनची ओळख पुसतं आणि पहिल्यांदा चालू होताना नवी घडवतं. जगभरचे लोक वर्षानुवर्षं न्यूएसआयडी चालवत राहिले.

आणि २००९ मध्ये खुद्द रसिनोविच यांनी, तेव्हा ते मायक्रोसॉफ्टमध्ये होते, जाहीर लिहिलं की दोन कॉम्प्युटरांचा एसआयडी सारखा असल्याने नेमकं काय बिघडतं याचं एकही उदाहरण आपल्याला शोधून सापडलं नाही. त्यांनी आपलंच साधन मागे घेतलं. सिसप्रेप मात्र वापराच, असं बजावलं, कारण विंडोजमधल्या इतर गोष्टींना वेगळेपण लागतं.

गोष्ट इथे संपली असं सगळ्यांना वाटलं. पण २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज ११ आणि सर्व्हर २०२५ च्या नव्या अपडेटमध्ये तपासणी कडक केली आणि सारखे एसआयडी असलेली मशीन एकमेकांकडे लॉगिन करताना नाकारली जाऊ लागली. "भाकडकथा" म्हणून सोडलेली गोष्ट खरी झाली!

यातून दोन धडे घ्या. एक, सगळे करतात म्हणून केलेली पायरी कधीतरी मुळापासून तपासावी, जसं रसिनोविच यांनी केलं, तेही स्वतःच्या कामाच्या विरोधात. दोन, "हे सारखं असलं तरी चालतं" हे विधान एका आवृत्तीपुरतं खरं असतं. ते लिहिताना आवृत्ती आणि तारीख लिहा.

"मी कोण?" असं विचारणारं मशीन

२००३ मध्ये दुसऱ्या केंब्रिजमधून, म्हणजे इंग्लंडमधल्या, झेन हा खुला हायपरवायझर आला. २००५ च्या अखेरीस इंटेलने आणि २००६ मध्ये एएमडीने प्रोसेसरमध्येच व्हर्च्युअल मशीनसाठी सोय दिली, म्हणजे १९७४ च्या प्रमेयाची अट अखेर पाळली गेली. फेब्रुवारी २००७ मध्ये केव्हीएम लिनक्सच्या २.६.२० आवृत्तीत आलं. आज तुमच्या लॅबचा सर्व्हर बहुधा केव्हीएमवरच चालत असेल.

मधल्या काळात, ऑगस्ट २००६ मध्ये, अॅमेझॉनने ईसी२ ही सेवा चाचणी स्वरूपात खुली केली. झेनवर चालणारं मशीन, ताशी १० सेंट. इथे प्रत्येक मशीन टेम्प्लेटमधूनच निघतं, दुसरा मार्गच नाही. मग हजारो अनोळखी माणसांना एकाच साच्यातून मशीन द्यायचं तर प्रत्येकात वेगळेपण कुठून आणायचं?

उत्तर साधं होतं. मशीनच्या आतून १६९.२५४.१६९.२५४ या ठरलेल्या पत्त्यावर विचारायचं: माझा क्रमांक काय, नाव काय, मालकाची सार्वजनिक किल्ली कुठली, आणि मला काय करायला सांगितलंय? उबंटूच्या गटाने यासाठी लिहिलेलं क्लाउड-इनिट नंतर बहुतेक लिनक्समध्ये पसरलं. ते सुरुवातीला मशीनचा क्रमांक विचारतं आणि आधी जपून ठेवलेल्या क्रमांकाशी ताडून बघतं. क्रमांक वेगळा निघाला तर त्याला कळतं की आपण नवी प्रत आहोत. मग होस्टचं नाव बदलणं, एसएसएचच्या नव्या किल्ल्या घडवणं, डिस्क वाढवणं ही कामं होतात. व्हीएमवेअर माणसाला विचारत होतं ते आता मशीन स्वतः विचारू लागलं.

तरीही साच्यात नको ते राहतंच. २०१२ मध्ये बाल्दुझी आणि सहकाऱ्यांनी ईसी२ वरच्या ५,००० हून जास्त सार्वजनिक टेम्प्लेट तपासली. लोकांच्या खासगी किल्ल्या, पासवर्ड, पुसलेल्या पण परत मिळवता येणाऱ्या फाईल असं बरंच काही त्यांना सापडलं. कुणी मुद्दाम ठेवलेलं नव्हतं. माझ्या सीडसारखंच, राहून गेलेलं.

लिनक्समध्ये आणखी एक लबाड गोष्ट आहे: मशीन-आयडीची छोटी फाईल. उबंटू १८.०४ मध्ये नेटवर्कचा पत्ता मागताना ओळख या आयडीवरून बनते. टेम्प्लेटमध्ये ती फाईल भरलेली राहिली तर सगळे क्लोन एकाच नावाने पत्ता मागतात आणि त्यांना एकच पत्ता मिळतो. नेटवर्क कार्ड वेगळी असूनही! लॅबमध्ये "कधी लागतं, कधी लागत नाही" असं नेटवर्क दिसलं तर आधी हे तपासा.

सगळ्यात खोलवरचं वेगळेपण: रँडमनेस

आता माझ्या जखमेवर येते. २००५ मध्ये टाल गारफिंकल आणि रोझेनब्लम यांनी एका छोट्या निबंधात इशारा दिला होता: व्हर्च्युअल मशीनला काळात मागे नेता येतं, आणि क्रिप्टोग्राफीचा सगळा डोलारा "हा आकडा पुन्हा वापरला जाणार नाही" यावर उभा असतो. मशीन स्नॅपशॉटवरून दोनदा सुरू केलं तर तोच आकडा दोनदा येऊ शकतो.

२०१० मध्ये थॉमस रिस्टनपार्ट आणि स्कॉट यिलेक यांनी हे प्रत्यक्ष करून दाखवलं. वेब सर्व्हरने रँडम आकडे गोळा केल्यानंतर स्नॅपशॉट घेतला आणि त्यावरून मशीन दोनदा चालवलं. डीएसए पद्धतीत दोन वेगळ्या संदेशांवर एकाच गुप्त आकड्याने सही झाली तर साध्या बीजगणिताने खासगी किल्ली काढता येते. ती त्यांनी काढली. व्हीएम/३७० मधली सेव्ह केलेली सिस्टीम आठवा. तिथे ही सोय निरुपद्रवी होती. मधल्या काळात कॉम्प्युटरकडून आपल्या अपेक्षा बदलल्या.

यावर उपाय म्हणून मायक्रोसॉफ्टने २०१२ मध्ये हायपर-व्हीत "पिढी क्रमांक" आणला. प्रत काढली किंवा मागे नेलं की हायपरवायझर तो बदलतो, म्हणजे आतल्या सिस्टीमला कळतं. लिनक्स कर्नलने रँडमनेससाठी त्याचा उपयोग सुरू केला २०२२ मध्ये.

पण बघा, यातली कुठलीच सोय मला वाचवू शकली नसती. क्लाउड-इनिटला एसएसएचच्या किल्ल्या माहीत आहेत, कर्नलला आपला रँडमनेस माहीत आहे. माझ्या प्रोग्रॅमची सीडची फाईल कुणालाच माहीत नव्हती. तुमच्या प्रयोगात "स्वतंत्र" म्हणजे काय, हे फक्त तुम्हालाच ठाऊक असतं. त्या यादीतली शेवटची ओळ संशोधकालाच लिहावी लागते.

साच्यापेक्षा कृती जपा

२०१० मध्ये मिचेल हाशिमोतो यांनी व्हेग्रंट आणलं आणि २०१३ मध्ये पॅकर. दोन्हीमागचा विचार असा: तयार मशीनची फाईल जपून ठेवण्यापेक्षा ते कसं बनवलं याची कृती एका टेक्स्ट फाईलमध्ये लिहा, म्हणजे साचा केव्हाही नव्याने घडवता येईल. साठ वर्षांपूर्वीच्या नोंदवहीकडेच आपण परत आलो. (व्हेग्रंटही ओळखीच्या प्रश्नातून सुटलं नाही. त्याच्या सगळ्या बॉक्समध्ये सोयीसाठी एकच जगजाहीर किल्ली असे. नंतरच्या आवृत्त्या पहिल्यांदा सुरू होताना ती बदलून टाकतात.)

मी आता काय करते ते सांगते, तुम्हाला पटलं तर उचला.

१. टेम्प्लेट कृतीवरूनच बनवते. मूळ इमेजचं नाव आणि चेकसम, पॅकेजची यादी आवृत्तीसकट, सगळं गिटमध्ये.

२. बंद करण्याआधी झाडलोट. मशीन-आयडीची फाईल रिकामी, एसएसएचच्या होस्ट किल्ल्या, लॉग, कमांडचा इतिहास, टोकन हे सगळं बाहेर. चाचणी रनने जे जे तयार केलं तेही.

३. टेम्प्लेटमध्ये काम करत नाही. त्याला क्रमांक आणि तारीख देते. बदल हवा असेल तर नवा क्रमांक.

४. प्रत्येक क्लोनला स्वतःची सेटिंग फाईल: नाव, मेमरी, कोअर आणि रन क्रमांक. सीड मशीनवर घडत नाही. एकाच मुख्य सीडमधून रन क्रमांकाप्रमाणे स्वतंत्र प्रवाह काढते (नमपायमध्ये याची सोय आहे) आणि वापरलेलं सीड निकालाच्या पहिल्या ओळीत छापते.

५. खरं काम सुरू करण्याआधी दोन क्लोन समोरासमोर ठेवते. नाव, आयडी, होस्ट किल्ली, पत्ता आणि प्रोग्रॅमने काढलेला पहिला रँडम आकडा. वेगळं असायला हवं ते वेगळं आहे ना आणि सारखं असायला हवं ते सारखं आहे ना, हे दोन्ही बघायचं. पाच मिनिटांचं काम आहे.

त्या चार दिवसांत मी सगळे रन पुन्हा केले. नवा आलेख पहिल्याइतका देखणा नव्हता. क्रांतिक तापमानापाशी एरर बार चांगलेच लांब आले आणि दोन बिंदू रेषेपासून थोडे सरकलेले. समितीपुढे ठेवताना मला जरा संकोच वाटत होता. मॅडमनी तो आधी पाहिला आणि एवढंच म्हणाल्या, "हं, आता हे आठ जणांनी मोजल्यासारखं दिसतंय."